बाळंतीन मीच होती

डाक्टरनं मले हात लावला नाई.

टेबलावर लाकडी पट्टी पडली होती, रेघा मारायची. त्यानं ती उचलली. खुर्चीवरून उठला बी नाई. मी दारात उभी होती. तो म्हनाला, "जवळ ये. हं, तिथेच थांब." अन् पट्टीच्या टोकानं माह्या पोटाले टोचून पाह्यलं. वरून एकदा. बाजूनं एकदा. बाजारात बैल घेताना मानूस त्याच्या बरगडीले काठी लावून पाह्यते, तसं.

आत लेकरू हाललं. मले समजलं. त्याले समजलं नाई.

दार उघडंच होतं. बाहेर व्हरांड्यात मानसं बसून होती. कोनाचं बोट चेंगरलं, कोनाले खोकला. सगळे पाहून राह्यले होते. मी पदर ओढून घेतला अन् म्हनलं, "साहेब, पाय सुजतेत. तोंड सुजते. डोळ्यापुढं काळे ठिपके येतेत. डोस्कं लय दुखते. मुकादम म्हनते, डाक्टरची चिठ्ठी आन, मंग हलकं काम देतो."

डाक्टर कंपाउंडरकडं पाहून हसला.

"या बाया धान कापता कापता बांधीवर बाळंत होतात. पोर टोपलीत टाकतात आणि परत विळा धरतात. इथे खाणीत आल्या की यांना चिठ्ठी पाहिजे."

व्हरांड्यातली मानसं हसली. आमच्याच धौड्यातली, खदानीच्या चाळीतली मानसं. माह्या घरधन्यासंगं खाली उतरनारी.

अन् मी बी हसली.

कोनी माह्यावर हसलं का मी बी हसत होती. तशीच सवय लागली होती. मायनं शिकवलं नव्हतं, कोनीच शिकवलं नव्हतं. पाटलाच्या वाड्यापुढून जाताना, दुकानदारानं दुरून सौदा फेकला तवा, चेहरा आपोआप हसरा होऊन जाये. महाराच्या पोरीचा चेहरा.

"पुढचा," डाक्टर म्हनाला.

आमी आरमोरीकडचे. धानाचा मुलूख. स्वतःची बांधी नाई, लोकाच्या चिखलात रोवना करायचा अन् कापनीले जायचं. लग्न झालं तसा घरधनी म्हने, चांद्याकडं कोळशाच्या खदानी हायेत, तिथी रोजी रोज भेटते, तिथी जात इचारत नाई. म्हनून आलो. तो खाली खदानीत जाये, मी वर रेजा होती. खालून आलेला कोळसा टोपलीत भरायचा, डोक्यावर घ्यायचा, फळीवरून चढायचं अन् रेल्वेच्या डब्ब्यात टाकायचा. फळी हाले. उनाळ्यात पाय भाजे, पावसाळ्यात घसरे. तरी मले ते काम आवडत होतं. खोटं काऊन बोलू? कोळसा कोनाले इटाळ करत नाई. सगळ्याच बाया काळ्या होऊन जात. संध्याकाळी नळावर कोन कोनती हाय, ते हात धुतल्यावर समजे.

तिथीच मले लच्चा भेटली. अहेरीकडची गोंडाची बाई. खोली माह्या खोलीले लागून. ती मराठी आपल्याच ढंगानं बोले. फळीवर ती माह्या पुढं राहे अन् मागं न पाहता सांगे, "इथी चिकट हाय, पाय दाबून ठेवजो."

त्या साली सरकारचा एक इन्स्पेक्टर आला होता. आंब्याखाली खुर्ची टाकली होती. मॅनेजर साहेब बाजूले उभा. इन्स्पेक्टरनं आमाले बोलावलं अन् सांगितलं का खदानीत काम करनाऱ्या बाईले बाळंतपनात घरी बसून भत्ता भेटते. बाळंत व्हायच्या अगोदर बी, मंग बी. कायदा हाय. आजारी पडली तं तिले कामावरून काढता येत नाई.

बायांनी पदर तोंडाले लावले. काम न करता पैसा! एक म्हातारी म्हने, "याले येड लागलं."

मी हसली नाई. मी पोटुशी होती. पह्यलं पोर पोटातच गेलं होतं, तिसऱ्या महिन्यात, अन् त्याच दिवशी मी टोपली उचलली होती. मी इन्स्पेक्टरचं बोलनं मनात ठेवलं. कोनाले सांगितलं नाई. मनात ठेवलं.

डाक्टरकडून आल्यावर मी मुकादमाले म्हनलं, "भाऊ, चिठ्ठी नाई देली. तरी मले काई दिवस झाडायचं काम द्या."

मुकादम वाईट मानूस नव्हता. त्याच्याच घरी चार बहिनी होत्या, असं तो सांगे. तो म्हने, "बाई, डाक्टर म्हनते तू बरी हाय. मंग मी तुले बीमार कसा म्हनू? मले बी वरचा इचारीन. टोपली उचल नाई तं घरी जा."

"घरी गेली तं?"

"तं गैरहजर."

मी टोपली उचलली.

किती दिवस उचलली, ते काई ध्यानात नाई. पायातले जोडवे रुतले होते, लच्चानं लोहाराले बोलावून कापून काढले. बोटं फुगून गेली होती, मूठ बंद होत नव्हती. टोपलीची कड धरता येत नव्हती. लच्चा मुकादमाची नजर चुकवून माह्या टोपलीत कमी भरे. एका दुपारी मी फळीच्या मधात होती अन् डब्बा दिसनं बंद झालं. आंधार नाई, पांढरं. सगळं पांढरं. मी पाय टाकला तिथी फळी नव्हती.

खडीवर पडली. पाठीवर पडली म्हनून बरं, असं मंग सगळ्या म्हनत. मले तं लुगडं भिजलेलं तेवढं समजलं. लच्चा ओरडत होती, गोंडीत. बायांनी एका चादरीत घातलं अन् खोलीवर नेलं. मुकादमानं टोपली बाजूले सारून दुसऱ्या बाईले हाक मारली. गाडी भरायची होती.

सुईन आली. तिनं पोटावरून हात फिरवला. लय येळ फिरवला. म्हने, "लेकरू हाय. पन तू उठू नको. उठली तं दोघं बी जाल."

मी खाटेवर पडून राह्यली. घरधनी खालून आला का चूल पेटवे. भाकर त्याले येत नव्हती, भात टाके. तो कमी बोलनारा मानूस. एक दिवस म्हने, "मी आफिसातल्या बडे बाबूकडं गेलो होतो."

"काय म्हनाले?"

"म्हनाले, जिचं काम तिनं यावं."

सुईनीनं उठू नको म्हनलं होतं. पन घरात एकाच मानसाची रोजी, त्याच्यात किरान्यावाला उधार बंद करून बसला होता. म्हनून मी उठली. लच्चाच्या खांद्यावर हात टाकून आफिसापर्यंत गेली.

आफिसाले पायऱ्या होत्या. वर व्हरांडा, व्हरांड्यात मानसं, आत बडे बाबू. शिपायानं आमाले खालीच बसवलं. उनात. "बोलावतील तवा वर या." माठ व्हरांड्यात होता. लच्चानं पानी मांगलं तं त्यानं तिले इचारलं, "कोन जात?" ती म्हने, "गोंड." त्यानं तिले गिलास देला. तिनं तो माह्याकडं केला तं त्यानं हातातून ओढून घेतला. खाली ओतून देलं. मातीनं पानी लगेच पिऊन टाकलं.

उन उतरलं तवा बडे बाबू बाहेर आले. धोतर, कोट, डोळ्यावर चष्मा. आवाज लय नरम. त्या मानसाचा आवाज मी कधी चढलेला आयकला नाई.

"काय पाहिजे?"

मी उभी राह्यली. "साहेब, मी पडली. आजारी हाय. आजारपनाची रजा द्या. अन् बाळंतपनाचा भत्ता. इन्स्पेक्टर साहेबानं सांगितलं होतं."

"आपल्या डॉक्टरांनी तुला आजारी म्हटलं आहे?"

"नाई."

"मग तू आजारी नाहीस. आणि आजारी नाहीस तर कामावर का नाहीस? गैरहजर माणसाचं नाव कापलं जातं. तुझं कापलं आहे. आणि जिचं नाव नाही ती इथली कामगार नाही. कामगार नाही तिला भत्ता कसा देऊ? तूच सांग, मी कुठून देऊ?"

खरंच इचारत होते, असं वाटे. जसं काई मीच त्याइले अडचनीत टाकून राह्यली. कामावर असली तं मी आजारी नाई. घरी पडली तं मी कामगार नाई. मंग मी हाय कुठी? लच्चा मले ओढून राह्यली होती. मी हात जोडले. तवा बी हात जोडले. तेच अंगात मुरलं होतं.

त्याच हप्त्यात मले झटके आले. दात बसले, डोळे फिरले, अंग धनुष्यावानी झालं. मले काईच आठवत नाई, सगळं लच्चाच्या तोंडून आयकलेलं. घरधन्यानं कोनाची तरी बैलगाडी मांगून आनली. चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथी एक सिस्टर होती. केरळाकडची, काळीसावळी, मोडकी हिंदी बोले. मी डोळे उघडले तवा तिचा हात माह्या पोटावर होता. उघडा हात, पट्टी नाई, रुमाल नाई. मी आंग चोरलं. तिले वाटलं मले दुखलं. मले दुखलं नव्हतं. त्या पांढऱ्या कपड्यातल्या कोन्या मानसानं मले तसा हात कधी लावलाच नव्हता, म्हनून.

पोरगी सकाळी जलमली. एवढीशी, मांजराच्या पिल्लावानी. निळसर. सिस्टरनं तिले पुसलं, फडक्यात गुंडाळलं अन् माह्या काखेत ठेवलं. तिनं डोळे उघडले होते. लोक म्हनतेत एवढ्या लेकराले दिसत नाई. मले पाहत होती. दुपारी गेली. माह्या काखेतच गेली, अन् मले लवकर समजलं बी नाई, मी तिच्याशी बोलतच होती.

सिस्टरनं चिठ्ठी लिहून देली. म्हने, "ये तुम्हारे साहब को देना. बच्चा नहीं रहा तो भी तुम जच्चा है. आराम मांगता है. काम पर नहीं जाना." जच्चा म्हंजे बाळंतीन.

घरधन्यानं पोरीले इरई नदीच्या काठी नेलं. एकटाच गेला. परत आला तवा त्याच्या हाताले ओली माती होती. तो ती धूत नव्हता. तसाच बसून राह्यला.

मंग दूध आलं.

याच्याबद्दल कोनी काई सांगितलं नव्हतं. पोरगी नाई अन् दूध आलं. छाती दगडावानी झाली. लच्चानं फडकं घट्ट बांधून देलं, पाला वाटून लावला. शेजारी कोनाचं लेकरू रडलं का चोळी भिजे. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहो.

थोडं चालता आलं तसे आमी आफिसात गेलो. लच्चा होतीच, आता घरधनी बी संगं होता. चिठ्ठी त्याच्या खिशात. या खेपेस मी खाली बसली नाई. चढून वर गेली, थेट आत. शिपाई "ए, ए" करत राह्यला.

बडे बाबूनं चिठ्ठी वाचली. दुमडून टेबलावर ठेवली.

"पोर कुठे आहे?"

"नाई राह्यली, साहेब."

"मग भत्ता कशाचा?" तोच नरम आवाज. "बाळंतपणाचा भत्ता बाळासाठी असतो. बाळ सांभाळायला बाईला घरी राहावं लागतं म्हणून असतो. तुझ्याकडे सांभाळायला काय आहे? आणि तुझं नाव तर आधीच कापलंय." मंग बाजूच्या कारकुनाकडं पाहून म्हनाले, "पोट दाखवून मागतात, पोट उतरलं तरी मागतात."

कारकून हसला. माह्या घरधन्यानं मान खाली घातली.

अन् माहा चेहरा, तो आपोआप हसरा होनारा चेहरा, हसला नाई. मी वाट पाहत होती का आता हसीन. नाई हसला.

तेवढ्यात बाहेर कोनाचं तरी लेकरू रडलं. मले फडक्यातून ओल लागली. चोळी भिजली, पदर भिजला. पदराखालून दूध पोटावर आलं अन् आफिसाच्या फरशीवर टपकलं. बडे बाबूनं पाह्यलं. तोंड फिरवलं. नाकाले रुमाल लावला.

"झाक ते. बाहेर जा. हे ऑफिस आहे."

"नाई झाकत," मी म्हनलं.

माहाच आवाज मले ओळखू आला नाई.

"नाई झाकत, बाबू. पाहा. पोर मेली ते तुमाले दिसलं. हे नाई दिसत? पोट माहं होतं. पोर माह्या पोटातून आली. बाळंतीन मी झाली. मेली ती पोर, मी नाई मेली. फळीवरून मी पडली, तुमची गाडी भरता भरता पडली. मले भत्ता द्या. पोरीचा नाई मांगत. माहा मांगते."

घरधनी माहा हात ओढत होता. "चाल. चाल ना वो. माफ करा साहेब, तिचं डोस्कं ठिकान्यावर नाई."

"माहं डोस्कं ठिकान्यावर हाय," मी म्हनलं.

आवाज आयकून मॅनेजर साहेब आतून आला. त्यानं बडे बाबूले इंग्रजीत इचारलं. फरशीकडं पाह्यलं. त्याचा चेहरा थोडा पडला, ते मी पाह्यलं, ते मी नाकारत नाई. तो म्हनाला, "दे दो कुछ. बेचारी है." अन् निघून गेला.

बडे बाबूनं कागदावर चार ओळी लिहिल्या. शाईचा डब्बा पुढं सारला. थोड्या नोटा टेबलावर ठेवल्या. "अंगठा लाव."

"काय लिहिलं?"

"तुला काय करायचंय? पैसे मिळतात ना?"

"वाचून दाखवा."

त्याइनं वाचलं नाई. कारकुनानं वाचलं, गम्मत म्हनून. साहेबांनी दया करून मदत म्हनून देलेली रक्कम, माहा कंपनीवर कोनताच हक्क नाई, पुढं मी काई मांगनार नाई.

घरधनी नोटांकडं पाहून राह्यला होता. त्याची काई चूक नव्हती. घरात दाने नव्हते. मी त्या नोटा पाह्यल्या. मले बी पाहिजे होत्या. कोनी समजू नये का मी मोठी मानी बाई होती. भूक मले बी होती, पोट रिकामं होतं, दोन्ही बाजूनं रिकामं. पन त्या कागदावर माही पोरगी नव्हती. फळी नव्हती. मी सुद्धा नव्हती. एक बेचारी होती.

मी अंगठा लावला नाई.

त्या दिवशी घरधनी खोलीत आल्यावर म्हने, "घ्यायचे तं होते. काय गेलं असतं तुहं?" त्यानं भाताचं रिकामं भांडं उचललं अन् परत ठेवलं. मी भिंतीकडं तोंड करून पडली. मले वाटलं होतं, असं बोलल्यावर मानसाले हलकं वाटत असन. काईच हलकं वाटलं नाई. छाती दुखत होती, भूक लागली होती, अन् पोरगी मातीत होती.

भत्ता मले भेटला नाई. काम बी भेटलं नाई. फाटकावरच्या मानसाले सांगून ठेवलं होतं का या बाईले आत येऊ देऊ नको. मी रस्त्याच्या कामावर खडी फोडाले जात होती. इन्स्पेक्टर परत आला तवा मी फाटकाबाहेर उभी राहून त्याच्या मोटारीले आडवी झाली. त्यानं काच खाली केली, आयकलं, लिहून घेतलं, "पाहतो" म्हनला. मोटार गेली. काईच झालं नाई.

पन हे सारं मी ज्याच्यासाठी सांगून राह्यली, ते पुढं झालं.

पुढच्या साली लच्चाले दिवस गेले. लय वर्सानं गेले होते. ती पोटावर हात ठेवून लेकराशी गोंडीत बोले. मी म्हनलं, "आतापासून सांगून ठेव. मुकादमाले सांग, आफिसात सांग. मी येते तुह्यासंगं."

ती म्हने, "नाई बाई. मी गावाले चालली. अहेरीले मायकडं. काम सोडून देते."

"काऊन? हक्क हाय तुहा. सालोसाल टोपल्या उचलल्या."

लच्चा माह्याकडं पाह्यत नव्हती. सामान बांधत होती. म्हने, "तुले मी त्या आफिसात पाह्यलं. दारात उभी होती मी. दूध गळत होतं अन् ते हसत होते. मले नाई मांगायचं. जंगलात बाळंत होईन, मरीन तं मरीन. तसं मांगाले नाई जात मी."

ती गेली. दुसऱ्या दिवशी फळीवर तिच्या जागी दुसरी बाई चढली.

पट्टी टोचली तवा मी हसली होती. पोरगी गेली तवा रडली. पन लच्चानं गाठोडं डोक्यावर घेतलं अन् मांगल्याबिगर निघून गेली, तवा मले पह्यल्यांदा सगळं साफ दिसलं. आफिसवाल्याइले आता नाई म्हनायची गरजच नव्हती. एका बाईले त्याइनं असं हानलं का दुसरीनं तोंडच उघडलं नाई. त्याइचा पैसा वाचला. माह्या दुधाच्या धारेवर वाचला. मी अंगठा लावला नाई, त्याचं मले वाटे का मी जिंकली. कुठी जिंकली? मी एकटी गेली होती. एकटीचा तमाशा होते.

म्हनून मी ठरवलं. बाजाराच्या दिवशी सगळ्या रेजा तेलमीठ घ्याले येतेत. मी तिथी जाते. जिचं पोट दिसते तिच्यापाशी जाऊन उभी राह्यते. काई बाया मले पाहून रस्ता बदलतेत. म्हनतेत, हिची पोर मेली, हिची सावली नको. घरधनी म्हनते, सोड आता, माहं बी काम जाईन. जाऊ दे. मी त्याले तसंच सांगितलं, जाऊ दे.

मी त्या बायाइले सांगते, एकटी जाऊ नको. पाच जनी जा, दहा जनी जा. नसन कोनी येत तं मले हाक मार. दया म्हनून देतील, घेऊ नको. केलेल्या कामाचं म्हनून मांग. नाई म्हनले तं उद्या परत जा. मले फाटकाच्या आत येता येत नाई, मी फाटकावर बसते.

अजून एक बी बाई आली नाई.

मी बसते.